शेजारच्या फ्लास्कमधली मूठ

ताईंचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या बाजारात वांगी निवडत होतो. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज मात्र पहिल्याच शब्दाला ओळखला, कारण त्या नावाने मला हाक मारणारं माणूस एकच.

"काय जव्हार, आहेस ना अजून?"

खरं तर मी जव्हारचा नव्हे. मोखाडा तालुक्यात सूर्यमाळच्या अंगाला आमचा पाडा आहे. पण नऊ वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही दोघं ठाण्याकडच्या ज्या प्रयोगशाळेत कामाला होतो, तिथे मोखाडा कुणाला माहीत नव्हता. म्हणून मी पहिल्या दिवशी जव्हार सांगितलं आणि ताईंनी तेच माझं नाव करून टाकलं. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. पेशी सांभाळायला मला त्यांनीच शिकवलं. आणि त्यांची नोकरी गेली ती माझ्यामुळे. हे माहीत असलेला मी एकटाच. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

पुण्याकडे एक नवी प्रयोगशाळा निघाली आहे, तिथे त्यांनी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली. पण आमच्या प्रयोगशाळेतली नोकरी का सुटली असं विचारल्यावर ताईंनी सरळ सांगून टाकलं, की पेशींच्या साठ्यात अदलाबदल झाली आणि तो ठपका त्यांच्यावर आला. पुण्याच्या लोकांना आता आमच्या जुन्या जागच्या कुणाचं तरी पत्र हवं होतं, दहा दिवसांत. तिथले आमचे प्रमुख, सर, ताईंचा फोन उचलत नव्हते. मधली नऊ वर्षं ताई बदलापूरला एका रक्ततपासणीच्या केंद्रात लोकांचं रक्त काढत होत्या. ही संधी गेली तर पेशींचं काम संपलंच म्हण, असं त्या म्हणाल्या. रडगाणं म्हणून नाही, माहिती दिल्यासारखं.

"तू होतास ना त्या खोलीत. एवढंच लिही, की मी निष्काळजी नव्हते. जास्तीचं काही नको."

मी म्हणालो, लिहितो ना ताई, लिहितो. दोनदा म्हणालो. वांगी तिथेच राहिली आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

ते काम काय होतं हे सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

सिकलसेल आमच्या भागात नवा नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक बारकासा दुवा बदललेला असतो, एवढ्याशा फरकाने माणसाचं आयुष्य अंगदुखीत आणि अशक्तपणात जातं. आम्हाला तपासणीची एक पट्टी करायची होती. बोटातल्या रक्ताचा थेंब टाकला आणि आजाराचं हिमोग्लोबिन असलं तर रेघ उमटावी, इतकं सोपं. ती रेघ उमटते प्रतिपिंडामुळे. प्रतिपिंड म्हणजे शरीर परक्या गोष्टीला धरायला जे तयार करतं ते. आमचं प्रतिपिंड असं नेमकं हवं होतं, की आजाराच्या हिमोग्लोबिनला धरील आणि साध्याला शिवणारही नाही.

त्यासाठी उंदराला ते हिमोग्लोबिन टोचायचं आणि काही आठवड्यांनी त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, काढायची. पानथरीतल्या पेशी प्रतिपिंड बनवतात, पण बाहेर काढल्या की आठवडाभरात मरतात. दुसरीकडे उंदराच्याच कर्करोगाच्या पेशी असतात, त्या मरायचं नाव घेत नाहीत, पण कामाचं काही बनवतही नाहीत. या दोन पेशी एकमेकींत विरघळवून एक करायची. जमलं तर तिला एकीचं काम येतं आणि दुसरीचं आयुष्य.

जोडायचं ते एका दाट द्रवाने. त्याला आम्ही पेग म्हणायचो, साखरेच्या पातळ पाकासारखा दिसतो. दोन्ही पेशी एका नळीत तळाला बसवायच्या, नळी कोमट पाण्यात धरायची आणि पेग थेंबाथेंबाने बरोबर एका मिनिटात सोडायचा. घाई केली तर पेशी मरतात, रेंगाळलं तर त्यांना पेगचा मारही बसतो आणि जोडही नीट लागत नाही. थेंब मी सोडायचो आणि ताई शेजारी उभ्या राहून आकडे म्हणायच्या, एक ते साठ, शाळेतल्या पाढ्यांसारखे. त्या मिनिटात खोलीत कुणी खोकतही नसे. मग तो पेग तितक्याच सबुरीने पातळ करायचा, पेशी बारीक खळग्यांच्या प्लेटीत वाटायच्या आणि वर असं अन्न घालायचं, की न जुळलेल्या कर्करोगी पेशी त्यात जगू नयेत. पानथरीच्या एकट्या पेशी तशाही मरतात. उरल्या तर जुळलेल्याच. ते कळायला दहा दिवस लागायचे. ताई म्हणायच्या, दहा दिवस त्या प्लेटीकडे रोज बघणारा माणूस बायकोला आवडत नाही.

उंदीर मी धरायचो. मी हात घातला की उंदीर चावत नसत, याचं सगळ्यांना नवल. कुठे शिकलास, असं सरांनी विचारलं तेव्हा मी कॉलेजात म्हणून सांगितलं. खरं म्हणजे लहानपणी भात निघाल्यावर मी वडिलांबरोबर बांधावरची उंदरांची बिळं खणायचो. बिळात उंदरांनी साठवलेलं भात मिळायचं, आणि उंदीरही. उंदीर आम्ही खायचो. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा डबा खाताना ताईंना सांगून बसलो, का कोण जाणे. त्यांनी भाकरीचा घास तोंडात टाकला, नीट चावला आणि विचारलं, "चवीला कसा लागतो रे?" बस्स. पुढे कधी त्यांनी ते कुणापाशी काढलं नाही. माझी एक गोष्ट त्यांनी अशी राखली.

आता तो शुक्रवार.

बऱ्याच खटपटीनंतर आमच्या हाती एक पेशी लागली होती. वहीत तिचं नाव सी सात. तिचं प्रतिपिंड आजाराच्या हिमोग्लोबिनला धरत होतं आणि साध्याला सोडत होतं, हवं होतं तस्सं. एका पेशीपासून वाढवलेला तो वंश एका फ्लास्कमध्ये ठेवला होता. त्याच्या शेजारच्या फ्लास्कमध्ये डी सात. तीही आजाराच्या हिमोग्लोबिनला धरायची. साध्याला धरते की नाही, हे सोमवारी कळणार होतं. सी सात नाजूक होती, हळू वाढायची. डी सात नुसती माजली होती.

त्या शुक्रवारी सी सातच्या सहा कुप्या भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या होत्या. सरांनी वरती तसं कळवूनही टाकलं होतं. मी पेशी मोजल्या तर त्या जेमतेम दोन कुप्यांच्या निघाल्या.

आणि शनिवारी गावात बोहाडा होता, मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव. आमच्याकडे बोहाड्यात कुठल्या घराने कुठलं सोंग घ्यायचं ते ठरलेलं असतं. आमच्या घराचा मुखवटा वडील घ्यायचे. त्या वर्षी त्यांचा गुडघा गेला होता, मुखवटा मी घेणार असं मी सांगून ठेवलं होतं. मी पोचलो नसतो तर आमच्या घराचं सोंग दुसऱ्या कुणी नाचवलं असतं आणि वडील ते ओट्यावर बसून बघत राहिले असते. संध्याकाळची एसटी चुकून चालणार नव्हतं.

मी सरांना सांगू शकलो असतो, की चार दिवस द्या, पेशी वाढू देत. सरांनी तोंड वाकडं केलं असतं, एवढंच झालं असतं. तेवढंही मला नको होतं. डोंगरातून आलेल्या माणसाला प्रयोगशाळेत एक भीती कायम असते, की आज ना उद्या कुणी म्हणेल, याला इथे कुणी घेतलं. पंधरा वर्षं काम करूनही ती गेली नव्हती.

आमच्या घरी नाचणीचं बी आई वाळलेल्या भोपळ्यात ठेवते, राख घालून. तोंड बंद करायच्या आधी ती शेजारच्या घरून एक मूठ बी आणून त्यात टाकते. एकल्याचं बी थकतं, असं तिचं म्हणणं. एकाच घरचं बी वर्षानुवर्षं पेरलं की कणसं बारीक होत जातात, मूठभर परकं आलं की वाण पुन्हा धरतं. हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. त्या शुक्रवारी माजलेल्या डी सातकडे बघताना मला ती मूठ आठवली. थकल्याला सोबत देतोय, असं मी मनाशी म्हणालो. खरंच म्हणालो, शब्द आठवतात. आणि शेजारच्या फ्लास्कमधल्या पेशी घेऊन मी सी सातमध्ये मिसळल्या. सहा कुप्या भरल्या. सहाही कुप्यांवर लिहिलं, सी सात.

सी सातच्या पेशींवरचं जे पाणी तपासणीला गेलं होतं ते मिसळण्याआधीचं होतं. त्यामुळे कागद स्वच्छ राहिले.

पेशींचा साठा ताईंच्या ताब्यात असे. कुप्या भरताना साक्षीदार म्हणून त्यांची सही लागायची. त्या दुसऱ्या खोलीत होत्या. मी कागद घेऊन धावत गेलो आणि म्हणालो, ताई, सही करा, गाडी चुकेल. कुप्या भरताना त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी सही केली, वर म्हणाल्या, "जा, नाच नीट. पडूबिडू नकोस."

मी नाचलो. पडलो नाही. वडील खूश होते.

सोमवारी परत आलो तर डी सातचा निकाल टेबलावर होता. ती साध्या हिमोग्लोबिनलाही धरत होती. म्हणजे आमच्या उपयोगाची नव्हती. मी कागद वाचला, फाइलला लावला आणि हात धुऊन आलो. त्याच दिवशी बोलता आलं असतं. मिसळलेल्या कुपीतल्या पेशी एकेक करून वेगळ्या वाढवल्या की त्यांत सी सात सापडली असती, महिन्याभराचं काम. मी ठरवलं, वेळ मिळाला की गुपचूप करीन. वेळ मिळाला नाही असंही नाही. रोज उद्यावर ढकललं, आणि मग टाकीचं झाकण उघडायचीच भीती बसली. ताई कुठलीही कुपी काढायला निघाल्या की मला तहान लागायची. पाच महिने असे गेले.

पाच महिन्यांनी पट्ट्यांसाठी दोन कुप्या काढून वाढवल्या. माजोरी डी सातने बिचाऱ्या सी सातला केव्हाच मागे टाकलेलं असणार. पट्ट्या तयार झाल्या. प्रयोगशाळेतल्या आम्ही सगळ्यांनीच पहिल्यांदा बोटं टोचून घेतली. सगळ्यांच्या पट्टीवर रेघ. सरांच्यासुद्धा. कुणीतरी हसलं, म्हणे सर, तुम्ही कधी आदिवासी झालात? सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी शांतपणे मांडलं. कागद म्हणतात की सी सात चोख होती. मग दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर साठ्यात कुप्यांची अदलाबदल झाली, ती ताईंची जबाबदारी. मग त्या कुप्या फेकून द्यायच्या, त्यांत आपल्या कामाचं काही नाही. किंवा भरतानाच मिसळ झाली. तसं असेल तर पेशी पुन्हा एकेक वेगळी करून बघता येईल, अजून वेळ आहे. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू भरल्यास. मिसळ झाली असेल का?"

मी उत्तर द्यायच्या आधी ताई बोलल्या. "त्याच्या हातून नाही होणार सर. फार जपून करतो तो."

मी म्हणालो, नाही सर.

दोन शब्द. एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? पेगच्या मिनिटातला एक थेंबही पडायचा नाही. मला तेव्हा समोरची पाण्याची बाटली दिसत होती, तिचं निळं झाकण. ते झाकण अजून दिसतं.

उरलेल्या कुप्या त्याच आठवड्यात वाफेच्या भांड्यात घालून मारल्या. भांडं मीच लावलं. त्यांत सी सात होती, थोडी का होईना, आणि ते मला माहीत होतं. वर्षअखेरीला ताईंचा करार पुढे वाढवला गेला नाही. जाताना त्यांनी त्यांचा पिपेट ठेवायचा लाकडी स्टँड मला दिला. तो मी घेतला. हे सगळ्यात वाईट केलं असं कधी कधी वाटतं.

पट्टीचं काम बंद पडलं. दीड वर्षाने मी नोकरी सोडून जव्हारला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला आलो. गावाची ओढ म्हणून परत आला, असं इथे लोक माझ्याबद्दल बोलतात. सत्कारही झाला एकदा, शाल-श्रीफळ. मी काही बोललो नाही. माझं न बोलणं लोकांना विनय वाटतो.

तर फोननंतरचे दिवस. पहिल्या दिवशी मी पत्राचा मसुदा केला. 'सदर बाई अत्यंत काळजीपूर्वक काम करत असत.' चांगलं पत्र होतं, खोटं एक अक्षर नव्हतं. पाठवलं नाही. पुण्याच्या लोकांनी विचारलं असतं की मग अदलाबदल कशी झाली, तर ते पत्र काय सांगणार होतं? ताईंची नोकरी वाचवायला 'काळजीपूर्वक' पुरणार नव्हतं. चूक कुणाची हे लागणार होतं. दुसऱ्या दिवशी मी तेच पत्र जरा बदललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी कॉलेजात सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर होतं. दुसऱ्याच कुणी केलेल्या पट्ट्या आता आल्या आहेत, बऱ्या आहेत. ओळीने बोटं टोचली जात होती आणि मी मागे उभा राहून प्रत्येक पट्टीकडे बघत होतो, सगळ्यांवर रेघ उमटते की काय असं. उमटली नाही. उमटायचं कारणच नव्हतं. तरी मला घाम आला, आणि परिचारिकेने मला पंख्याखाली बसवलं. म्हणाली, सर, रक्त बघवत नाही वाटतं तुम्हाला.

बायकोला त्या दिवशी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मग फोन केलास का. मी नाही म्हटल्यावर ती उठून कामाला लागली.

पाचव्या दिवशी, रविवारी, आईकडे गेलो. वडील आता नाहीत. नाचणीची मळणी होऊन गेली होती आणि आई अंगणात बी निवडत बसली होती. भोपळा शेजारी, राखेची पाटी शेजारी. मीही बसलो. थोड्या वेळाने ती उठून शेजारच्या घरी गेली, ओंजळ बंद करून आली आणि मूठ भोपळ्यात सोडली. मग मागे वळून, शेजारची चांगली पाचेक पावलांवर असताना, मोठ्याने म्हणाली, की औंदा तुझ्या घरचं बी घातलंय गं. शेजारीण आतून ओ म्हणाली.

हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. दरसाल ती असं ओरडून सांगते. माझ्या लेखी ते शेजारणींचं आपसातलं बोलणं होतं, रीतीचा भाग नव्हे. मी आईला विचारलं, ते सांगायचं कशाला? तिने माझ्याकडे बघितलं, शिकून हा असा कसा राहिला अशा नजरेने.

"सांगाया नको? उद्या वाण बिघडलं तं कोनाकडं बघायचं, ठावं नको?"

आणि ती पुन्हा निवडायला लागली. मग आपणहून सांगत राहिली, की कुठल्या साली कुणाची मूठ होती. अमक्याची घातली त्या साली कणसं वाकडी आली, मग त्याच्याकडचं पुन्हा घेतलं नाही, त्यालाही सांगितलं, त्याला राग आला नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुठी तिला पाठ होत्या, एक कागद नसताना.

नऊ वर्षं मी स्वतःची समजूत काढत होतो, की माझ्या हाताने घरची रीत केली, जागा चुकली एवढंच. रीत तरी कुठे केली होती. अर्धीच उचलली होती, सोयीची तेवढी.

आमच्या पाड्यावर फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, उताराच्या टोकाला एका मोठ्या दगडापाशी. मी तिथे गेलो. दुपार होती. खाली कुणीतरी गुरं वळवत होतं. नंबर लावला आणि पहिली घंटा वाजताच कापला. मग ताईंनीच उलटा केला.

मी प्रस्तावना केली नाही. तेवढं ठरवून गेलो होतो. म्हणालो, ताई, कुप्यांची अदलाबदल झालीच नव्हती. मी मिसळल्या होत्या. गाडी गाठायची होती. सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

रेंज गेली की काय म्हणून मी फोन कानापासून काढून बघितला. होती.

मग त्यांनी विचारलं, "कुठली घातलीस? डी सात?"

हो.

"ती माजलेली होती," त्या म्हणाल्या. आणि मग, "म्हणजे मी नव्हते."

मला कळलं नाही. त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की अदलाबदल त्यांच्याच हातून झाली असणार. आठवत नव्हतं, पण कागद तसं म्हणत होते, आणि मी तर जपून करणारा. म्हणून बदलापूरला त्या रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव तीनदा वाचायच्या. तिथल्या मुली हसायच्या त्यांना. घरी डाळ-तांदळाच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावल्या होत्या.

मी माफ करा म्हणालो. मग त्यांनी माझं खरं नाव घेतलं. इतक्या वर्षांत प्रथमच. म्हणाल्या, "हे असंच लिहून पाठव. माझ्याबद्दल चांगलं एक अक्षर घालू नकोस. तुझं तेवढं लिही."

आणि फोन ठेवला.

पत्र मी त्याच दगडावर बसून लिहिलं, पाच ओळींचं. जव्हारला उतरून टाइप केलं आणि पुण्याकडच्या त्या लोकांना पाठवलं. एक प्रत सरांना. सरांचं उत्तर आलेलं नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. तारीख, कुप्या, सही, सगळं खोदून विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, हे तुम्ही आत्ता का सांगताय? आत्ता विचारलंत म्हणून, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तेही खरं नव्हतं. विचारलं तर तेव्हाही होतं. मी म्हणालो, तेव्हा घाबरलो होतो. त्या हं म्हणाल्या आणि लिहून घेतलं असावं, कारण की-बोर्डचा आवाज आला.

त्यानंतर पंधरा दिवस मी फोन खिशात नव्हे, हातात घेऊन फिरलो. प्राचार्यांना मी आधीच सांगून टाकलं होतं, बाहेरून कळण्यापेक्षा बरं म्हणून. त्यांनी चष्मा पुसला, बघू म्हणाले. अजून बघताहेत. एखाद्या दिवशी ऑफिसात बोलावणं येईल, आणि ते आलं तर ते चुकीचं म्हणता येणार नाही मला.

सोळाव्या दिवशी संदेश आला. ताईंचा. खाली-वर काही नाही, नमस्कार नाही. 'रुजू झाले. तीन महिने बघणार आहेत. इथे विजेचा झटका देऊन पेशी जोडायचं यंत्र आहे, पण पहिलं मी हातानेच करणार आहे. गुरुवारी अकराला.'

मी चार वेळा वाचला. 'बरं' लिहिलं आणि पुसलं.

गुरुवारी अकराला माझा बारावीचा तास होता. फळ्यावर काहीतरी काढत होतो. घड्याळाकडे लक्ष गेलं आणि खडू तसाच हातात राहिला. मनात आकडे सुरू झाले, ताईंच्या आवाजात. तिथे थेंब कोण सोडत असेल, ताई स्वतः की दुसरं कुणी, आणि मग मोजणारं कोण? वीस. एकवीस. सरांना काही आठवत असेल असं वर्गाला वाटलं असेल. चाळीसच्या आसपास माझा आकडा चुकला, मागे जाऊन पुन्हा धरला. साठ झाल्यावर खडू खाली ठेवला.

जुळलं की नाही ते दहाव्या दिवशी कळतं. आज सहावा आहे. मी विचारणार नाही.